दगडावरची चिरूट

गारखेड्याचा रामकिसन दिवसाला एकच चिरूट ओढायचा, आणि ती ओढून होईपर्यंत त्याला कुणी हाक मारायची नाही अशी घरात रीत पडली होती. ही रीत त्यानं घातली नव्हती. तो आवाज चढवणारा माणूसच नव्हता. पण संध्याकाळी दफ्तरातून सायकलीवर आला, पाय धुतले, चहा घेतला आणि माठाच्या तिवईखालचा पत्र्याचा डबा काढला, की त्याची बायको वच्छलाबाई आपसूक पोरांना परसात पिटाळायची.

डबा माठाखाली ठेवण्यात हिशेब होता. उन्हाळ्यात आपल्याकडं तंबाखूचं पान पापडासारखं होतं आणि काडी लावायच्या आधीच तडकतं. म्हणून चिरुटी धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून तो माठाच्या गारव्याला ठेवायचा. त्यातली एक काढायची, कानाशी धरून दोन बोटांत फिरवायची. कुरकुर ऐकू आली तर ती परत डब्यात जायची आणि दुसरी निघायची. मग खिशातला अडकित्ता. सुपारीचा अडकित्ता तो सुपारीला कधी लावत नव्हता, चिरुटीचं तोंडाकडचं टोक तेवढं अलगद छाटायचा. हे झालं की अडकित्ता आणि काडेपेटी खिशात टाकून तो शेताकडं चालू लागायचा, कारण घरात चिरूट पेटवलेली थोरल्या भावाला, नानासाहेबांना, खपत नव्हती.

शेत गावाच्या दक्षिणेला, रेल्वेच्या रुळाला लागून होतं. शेतात एक निंब होता आणि निंबाखाली बसायजोगा मोठा काळा दगड. रामकिसन तिथं बसायचा. काडी ओढली की गंधकाचा पहिला भपका जाऊ द्यायचा, मगच ज्योत चिरुटीला दाखवायची, तीही लांबून, भाकरी शेकल्यासारखी फिरवत. पहिल्या तीन झुरक्यांत कुणी समोर आलं तरी तो बोलत नसे. राख झटकायची नाही, तिची ती पडेल. आणि शेवटचा नेम असा, की चिरूट विझवायची नाही. दगडावर आडवी ठेवून उठायचं. ती आपोआप विझते. उरलेलं थोटूक दुसऱ्या दिवशी येऊन तो उचलायचा आणि निंबाच्या बुडाशी मातीत पुरायचा.

हे सगळं त्याला शिकवलं ते राजलिंगम ओव्हरसियरनं.

रामकिसन निजामाच्या राज्यात चार बुकं उर्दू शिकलेला. तेवढ्या उर्दूवर त्याला औरंगाबादच्या तामिरातीत, म्हणजे बांधकामाच्या दफ्तरात, साखळीवाल्याची जागा मिळाली. रस्ते मोजायचे, तर साखळीचं एक टोक धरून उभं राहायचं आणि दुसऱ्यानं पुढं चालायचं. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, दफ्तरावरची पाटी बदलली, कागद आधी इंग्रजीत आणि मग मराठीत आले. साखळी मात्र तेवढीच लांब राहिली, आणि ती धरायला रामकिसन राहिला.

राजलिंगम करीमनगरकडचा. त्याच्या मुलखात गडीमाणसंसुद्धा चिरूट ओढतात, तिकडं तिला चुट्टा म्हणतात. एकदा लासूर स्टेशनच्या बाजूला रस्त्याचं मोजमाप चाललं होतं. दुपारी राजलिंगम बाभळीखाली बसून आकडे जुळवत होता. रामकिसन जवळ गेला आणि चाचरत म्हणाला, "साब, नाल्याजवळची एक साखळी तुमी दोनदा लिवली."

राजलिंगमनं वही पाहिली, पुन्हा पाहिली. मग वही मिटली, खिशातून चिरूट काढली आणि रामकिसनसमोर धरली. "बैठ जाओ," तो म्हणाला. साहेबासमोर बसायची रामकिसनची ती पहिली वेळ. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं ती अर्धी ओढली. आणि उरलेली दगडावर घासून विझवायला गेला, तर राजलिंगमनं त्याचा हात धरला.

"इसको मारना नक्को, रामकिसन. मारे तो बू मारती. रख देना. आपीच सो जाती."

पुढं सहा वर्षं दोघं एकत्र हिंडले. राज्यांच्या नव्या वाटण्या झाल्या तेव्हा राजलिंगमची बदली त्याच्या मुलखात झाली. स्टेशनावर पोचवायला गेलेल्या रामकिसनच्या हातात त्यानं पत्र्याचा एक डबा ठेवला आणि गाडीत चढला. त्यानंतर शहागंजातल्या एका दुकानातून चिरुटी आणायच्या आणि रोज एक, राजलिंगमनं शिकवली तशी, ओढायची, एवढंच त्या दोस्तीतलं उरलं.

आग लागली ती त्याच्या पुढच्याच चैत्रात.

ज्वारी निघून कडब्याची मोठी गंजी रुळाच्या बाजूला रचली होती. तिच्यापासून पंचवीसेक पावलांवर निंब, आणि निंबाला बैलांची जोडी बांधलेली. त्या संध्याकाळी रामकिसननं नेहमीसारखी चिरूट ओढली, अर्धी झाल्यावर दगडावर ठेवली आणि घरी आला. पाय धुवायला तांब्या उचलतो न उचलतो तोच गावात हाकाटी झाली. तो तसाच धावला. गंजी वरपासून खालपर्यंत पेटली होती. आभाळ लाल झालं होतं, तडतड आवाज येत होता आणि माणसं विहिरीपासून घागरी घेऊन पळत होती. पण कडबा एकदा पेटला की पाण्याला ऐकत नाही. अर्ध्या तासात वर्षाचा चारा राख झाला.

बैल तेवढे वाचले. त्यांना मुंजाबानं सोडलं होतं. मुंजाबा म्हणजे शेजारच्या माळावरचा धनगर. दर उन्हाळ्यात त्याच्या मेंढ्या गारखेड्याच्या शेतांत बसायच्या. त्यांच्या लेंड्यांचं खत शेताला व्हायचं आणि मुंजाबाच्या घरी त्याबद्दल धान्य जायचं. गाव जमलं तेव्हा तो बैलांचे कासरे धरून लांब उभा होता. धोतर जळकं, मिशा होरपळलेल्या.

आणि हेच त्याला भोवलं. सगळ्यांच्या आधी हा इथं कसा, असा प्रश्न कुणीतरी काढला. दोनच दिवसांपूर्वी मुंजाबाच्या मेंढ्या नानासाहेबांच्या मिरचीत शिरल्या होत्या आणि त्यावरून मोठी तकरार झाली होती, हेही कुणाला आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर माणसं बसली. मुंजाबाला बोलावलं.

"मालगाडी गेली," मुंजाबा म्हणाला. "ठेसनातून निघाली, चढाला धापा टाकीत व्हती. इंजिनातून ठिणग्या उडल्या. एक गंजीच्या शेंड्यावर पडलेली म्या माळावरून बघितली. बघितली म्हून तर पळत आलो."

"रोज गाड्या जात्यात," नानासाहेब म्हणाले. "माझ्या बापाच्या वक्तापासून गंजी तिथंच हाय. अन् तुझं माझं भांडण झालं की दोन दिसांत ठिणगी पडती व्हय?"

मुंजाबा म्हणाला, "मी खोटं कशाला बोलू?"

नानासाहेब मोठ्या मानाचा आणि तापट माणूस. ते पुढं झाले, मुंजाबाच्या डोक्यावरचा पटका ओढला आणि पाराखाली धुळीत फेकला. गाव वरून त्यालाच बोलू लागलं. मुंजाबानं खाली वाकून पटका उचलला, झटकला, आणि डोक्याला न बांधता काखेत धरून चालू लागला. त्या वर्षापासून गारखेड्यात कुणी त्याच्या मेंढ्या बसवल्या नाहीत. कळप घेऊन तो शहराच्या पार पलीकडं, पडेगावच्या बाजूला निघून गेला.

रामकिसन त्या पारावर कडेला उभा होता. मुंजाबा खोटं बोलतोय हे सगळ्या गावाला वाटत होतं. रामकिसनला ते ठाऊकच होतं, आणि का ठाऊक होतं ते त्याच्या एकट्याच्या पोटात होतं. पहाटे, पारावर यायच्या आधी, तो शेतात जाऊन आला होता. निंबाखालचा दगड पाहिला होता. दगडावर चिरूट नव्हती. दगडाच्या मागं, पुढं, निंबाच्या बुडाशी, राखेच्या कडेनं, सगळीकडं त्यानं हातानं चाचपलं. थोटूक कुठंच नव्हतं. मग ते गेलं कुठं? वाऱ्यानं घरंगळलं आणि काडीकचऱ्यातून गंजीपर्यंत पोचलं, याशिवाय दुसरं काय असणार? मुंजाबानं आग लावली नाही हे त्याला पक्कं कळलं होतं. ठिणगीची गोष्ट मात्र बिचाऱ्यानं जीव वाचवायला रचली, असं तो धरून चालला. आपण लावली, हे सांगायला तोंड उघडलं आणि समोर भावाचा चेहरा दिसला. तोंड मिटलं. पटका धुळीत पडला तेव्हा ते पुन्हा उघडायला हवं होतं. ते उघडलं नाही.

त्यानंतर रामकिसनच्या चिरुटीची सगळी रीत बदलली. शेतात बसणं बंद झालं. परसातल्या उघड्या जागेत, भिंतीपासून लांब, तो उकिडवा बसायचा आणि शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या असायचा. चिरूट संपली की ती तांब्यात बुडवायची, चर्र आवाज ऐकायचा, बोटांनी पाण्यातच चुरगळायची आणि मगच उठायचं. अंथरुणावर पडल्यावर एकदा तरी उठून परसात जाऊन तो तांब्यात बोट घालून बघे. परसात ओल्या तंबाखूचा आंबूस वास भरून राही. वच्छलाबाई म्हणायची, "इतकं भ्या वाटतंय तर सोडून का देत न्हाई?" तो म्हणायचा, "सुटंना." ते अर्धंच खरं होतं. सोडली असती तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं, आणि त्याला त्या प्रश्नाचं भय होतं. ओढायचा, पण चव गेली होती.

भाऊ मुंजाबाला शिव्या द्यायचा तेव्हा रामकिसन ताटावर मान खाली घालायचा. अशी पाच वर्षं होत आली.

पाचव्या वर्षी पौषात तो शहागंजात चिरुटी घ्यायला गेला होता. दुकानातून उतरतो तर समोर घोंगड्यांची चवड घेऊन एक बाई बसलेली. तिनं हाक मारली, "रामकिसनभाऊ नव्हं?"

ती बानाबाई होती, मुंजाबाची बायको. केस पांढरे झाले होते. रामकिसनचे पाय जागीच थांबले. आता ही चारचौघांत बोलणार, असं त्याला वाटलं, आणि बोललीच पाहिजे असंही वाटलं. पण बानाबाईनं घोंगडीचं एक टोक सारून त्याला बसायला जागा केली.

"घरी समदं बरं हाय ना? वच्छलाबाई बऱ्या हायती?"

"बरं हाय," तो म्हणाला. "मुंजाबाभाऊ?"

"हायती. पडेगावाकडं माळावर. गुडघं दुखत्यात आता." तिनं घोंगड्यांची चवड सारखी केली. "तुमचं नाव काढत्यात हमेशा. म्हणत्यात, समदं गाव मला बोललं, येकट्या रामकिसनभाऊनं तोंडातून सबूद काढला नाय. त्या माणसाच्या मनात इमान हाय, म्हणत्यात."

रामकिसन तिच्याकडं बघत राहिला. पाच वर्षांत कुणी शिवी दिली असती, मारलं असतं, तरी त्यानं ते सोसलं असतं. हे त्याला सोसवेना. त्याचं गप्प राहणं या माणसांनी आपल्या बाजूचं धरलं होतं आणि जपून ठेवलं होतं. "येतो," एवढं कसंबसं म्हणून तो उठला, सायकल काढली, आणि गारखेड्याची वाट न धरता दौलताबादच्या रस्त्याला लागला.

पडेगावच्या अलीकडं माळावर मेंढ्या चरत होत्या. मुंजाबा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. सायकलवरून उतरणारा माणूस कोण हे त्याला ओळखायला वेळ लागला. ओळखल्यावर तो हसला. "रामकिसनभाऊ! हिकडं कुठं? मोजणी निघाली का काय?"

रामकिसननं सायकल आडवी टाकली. वाटेत त्यानं बोलायचं सगळं जुळवलं होतं, पण आता एकच वाक्य निघालं.

"मुंजाबाभाऊ, गंजी म्या जाळली."

मुंजाबानं काठीवरची हनुवटी उचलली.

"त्या सांजंला मी निंबाखाली चिरूट ओढली. विझवली नाय. दगडावर ठिवली अन् घरी गेलो. सकाळी बघितलं तर ती दगडावर नव्हती. घरंगळत गेली अन् कडब्याला लागली. तुमी पारावर उभे व्हते, तवा मला हे म्हाईत व्हतं. तुमचा पटका फेकला तवा म्हाईत व्हतं. मी बोललो नाय. इमान न्हाई माझ्यात. तुमी बानाबाईला सांगा, न्हाई म्हणून."

बोलता बोलता तो खालीच बसला. काठी आडवी ठेवून, गुडघ्यावर हात देत, मुंजाबाही सावकाश समोर बसला.

"भाऊ, कुठं ठिवली व्हती तुमी चिरूट?"

"दगडावर. सांगितलं की."

"दगडाच्या कुठं? मधी एक खळगी हाय तिथं?"

रामकिसननं मान वर केली. "व्हय. खळगीत."

"अर्धी व्हती?"

"अर्धी."

"राख तशीच लागल्याली, येवढी?" मुंजाबानं बोटाचं पेर दाखवलं.

रामकिसननं मान डोलावली.

"ती माझ्यापाशी व्हती," मुंजाबा म्हणाला. "मी पळत आलो तवा गंजी शेंड्याला पेटली व्हती. रुळाच्या बाजूनं. खाली काय नव्हतं. बैल निंबाला वढ खात व्हते म्हून आधी तिकडं गेलो. दाव्याची गाठ सुटंना, दगडावर पाय देऊन सोडायला लागलो, तर पायाखाली चिरूट येणार व्हती. तशीच खळगीत. हातात घेतली तर गार. अन् वारा कसा व्हता तुमाला याद नाय? रुळाकडून गावाकडं. तुमच्या दगडाकडून वारा गंजीकडं जाईलच कसा? तुमची चिरूट गंजीपतोर जायला तिला उलट्या वाऱ्यात पाय फुटाया पायजेत."

"मग तुमी ती—"

"बंडीच्या खिशात टाकली. लोक येत व्हते. म्हणलं, ही कुणी बघितली तर समदं रामकिसनभाऊवर जाईल."

रामकिसन त्याच्या तोंडाकडं बघत होता. मुंजाबा काय म्हणाला ते त्याच्या ध्यानात आलं, पण एकदम नाही. मेंढ्या चरत चरत पार जवळ आल्या तोवर तो तसाच बसून होता.

"पारावर," शेवटी तो म्हणाला, "तुमच्याजवळ ती व्हती? पटका फेकला तवा?"

"व्हती की, खिशात."

"काढून दाखवली असती तर तुमी सुटला असता."

"सुटलो असतो," मुंजाबा म्हणाला. "पर आग तिनं लावली नव्हती. मी ठिणगी पडताना बघितली. मग चिरूट कशाला दाखवायची? खोटं पडलं असतं ते."

एवढं सांगून त्यानं एका कोकराला हुसकलं, आणि मग जरा ओशाळल्यासारखं हसत पुढं म्हणाला, "दुसऱ्या दिशी रागारागात वढली म्या ती. लई कडक व्हती, भाऊ. चक्कर आली. बायको म्हणली, हे काय पेटवलं, मेंढरं पळाली की."

रामकिसनला हसू आलं. आधी नुसता श्वास गेल्यासारखं, आणि मग तो मोठ्यानं हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून वाहायला लागले आणि हसणं कुठं संपलं, रडणं कुठं सुरू झालं ते त्याला कळलं नाही. पाच वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी दोन हातांनी उचलून बाजूला ठेवला होता, आणि आता एवढ्या मोकळ्या छातीचं काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं. मुंजाबा तो शांत होईपर्यंत थांबला. मग पाण्याची कासंडी पुढं केली.

"प्या. अन् भाऊ, तुमी पाच वर्षं असं मनात धरून बसला? मला इचारायचं की."

"कोणत्या तोंडानं इचारू?"

"ते बी खरंच," मुंजाबा म्हणाला.

त्याच सांजेला रामकिसननं घरी नानासाहेबांना सगळं सांगितलं. आपण चिरूट ठेवून आलो होतो इथपासून ते मुंजाबानं खिशात टाकली इथपर्यंत. काही गाळलं नाही. नानासाहेब ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला.

"पाच वर्षं माझ्याजवळ बसून जेवला तू," ते म्हणाले, "अन् हे पोटात ठिवलं?"

"ठिवलं, दादा."

"मी त्या माणसाला काय काय बोललो. अन् तू ऐकत बसला."

"ऐकत बसलो."

नानासाहेबांनी त्याला मारलं असतं तरी रामकिसन हलला नसता. पण ते उठले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "चिरूट खरंच त्याच्यापाशी व्हती?" रामकिसन व्हय म्हणाला. जेवायला बसल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. हात धुताना तिसऱ्यांदा. "पारावर, खिशात?" रामकिसन तिन्ही वेळा व्हय म्हणाला. नानासाहेबांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

सकाळी त्यांनी गाडी जुंपली. गुलमंडीवर गाडी थांबवून एक नवा लाल पटका घेतला आणि दोघं भाऊ पडेगावला गेले. माळावर मुंजाबाचं पाल होतं. नानासाहेब गाडीतून उतरले, पटका मुंजाबाच्या हातात दिला आणि उभे राहिले. गावात शंभर माणसांसमोर बोलणारा माणूस, पण इथं त्यांना वाचा फुटेना.

"मेंढ्या कधी आणतो?" शेवटी ते म्हणाले.

मुंजाबा पटका हातात उलटासुलटा करत होता. तो काही म्हणायच्या आत पालातून बानाबाई बाहेर आली.

"आमचे मालक काय बोलायचे नायत," ती म्हणाली. "मी बोलते. पटका कुणाच्या म्होरं फेकला व्हता? माळावर फेकला का? पाच वरसं आमी परक्या गावच्या बांधाबांधानं हिंडलो. पोरीच्या सासरचे म्हणले, तुमी गंजी जाळणारे. अन् तुमी हितं, कुणी नसताना, पटका देताव? पारावर द्या. लोक बसल्यावर द्या."

"बाने," मुंजाबा म्हणाला.

"न्हाई, बोलू द्या तिला," नानासाहेब म्हणाले.

आणि बानाबाई बोलली. घोंगड्या, कोकरं, पोरीचं सासर, पाच उन्हाळे, सगळं काढलं. नानासाहेब उन्हात उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते. रामकिसननं आपल्या भावाला असं ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. तिचं संपल्यावर ते म्हणाले, "बरोबर हाय बाई तुमचं. शनवारी या."

शनिवारी मारुतीच्या पारावर गाव जमलं. आधी रामकिसन उभा राहिला आणि त्यानं आपलं सांगितलं. मग नानासाहेब उठले. त्यांनी फार लांबण लावली नाही. मुंजाबानं खरं सांगितलं, मी मानलं नाही, माझी चूक झाली, एवढंच म्हणाले आणि नवा पटका मुंजाबाच्या डोक्याला स्वतःच्या हातानं बांधला. बांधताना त्यांना नीट जमेना. मुंजाबा म्हणाला, "जरा ढिला करा, मालक, कान दुमडला." सगळा पार हसला. सगळ्यांत आधी बानाबाई हसली.

त्या आठवड्यात दोघा भावांनी आणि मुंजाबानं मिळून गंजीची जागा रुळापासून शेताच्या दुसऱ्या टोकाला हलवली. होळीनंतर कळप आला. संध्याकाळी मेंढ्या नानासाहेबांच्या वावरात बसल्या, सगळं शेत पांढरं-काळं झालं आणि लोकरीचा उबट वास गावापर्यंत पोचला. मुंजाबाच्या चुलीवर वच्छलाबाई आणि बानाबाई भाकरी थापत होत्या. रामकिसन जेवला, घोंगडीवर जरा आडवा झाला, आणि मेंढ्यांच्या श्वासांचा तो एकसुरी आवाज ऐकता ऐकता त्याचा डोळा लागला.

वच्छलाबाईनं त्याला उठवलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. दफ्तराची वेळ कधीच टळली होती. अंगावर दोन घोंगड्या होत्या, कुणी घातल्या ते त्याला कळलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदाच रात्री एकदाही तो तांब्या बघायला उठला नव्हता. तो घाईघाईत सायकल काढून निघाला आणि दहाच्याही पुढं दफ्तरात पोचला. नवा इंजिनियर साहेब व्हरांड्यातच उभा होता.

"रामकिसन, आज इतका उशीर? घरी काही झालं काय?"

"न्हाई साहेब," रामकिसन म्हणाला. "झोप लागली व्हती." आणि साखळी खांद्यावर घेऊन तो मोजणीला निघालेल्या दफ्तराच्या गाडीत जाऊन बसला.